पूजेचा उरलेला मसालेभात

प्रश्न: आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीत पूजेनंतर पातेलंभर मसालेभात ओल्या कचऱ्यात गेला. तो उपाशी माणसापर्यंत कसा पोहोचवता आला असता?

उत्तर: वेळेत, झाकून आणि कोणाला द्यायचा हे आधी ठरवून. शिजलेल्या भातातले काही जिवाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांचं विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून दोन तासांत वाटा, किंवा पसरट परातीत निववून फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात 'गरिबाला चालेल' म्हणून देणं मला तरी पटत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी 2019 मध्ये नियमच केले आहेत. मुंबईत डबेवाल्यांनी 2015 मध्ये उरलेलं अन्न भुकेल्यांपर्यंत नेणारी रोटी बँक सुरू केली. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांचीही रोटी बँक आहे. अशा संस्थेला फोन आदल्या दिवशी करा, पंगत उठल्यावर नव्हे.

टाकलेला भात डम्पिंगवर हवेविना कुजून मिथेन सोडतो. कांजूरकरांना तिथल्या डम्पिंग ग्राउंडचा वास वेगळा सांगायला नको. 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घरांतून. तुमच्या ताटातला घास वाचला म्हणून कोणाचं पोट आपोआप भरत नाही, कारण भुकेचं मूळ बहुतेकदा रिकाम्या खिशात असतं. तरी आचाऱ्याला 'शंभर पानं' सांगण्याआधी येणाऱ्यांची नावं व्हॉट्सॲपवर मागवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.