वार्धक्यातील पाठदुखी आणि मणक्याचा अस्थिभंग

पाण्याची बादली उचलताना, किंवा नुसते शिंकतानाही, वृद्ध व्यक्तीच्या पाठीत एकाएकी तीव्र कळ येते. 'वयोमानाने पाठ दुखायचीच' असे म्हणून घरोघरी तेल चोळले जाते. वस्तुतः पुष्कळदा हा मणक्याचा अस्थिभंग असतो. ऑस्टिओपोरोसिस म्हणजेच अस्थिसुषिरता या विकारात हाडे विरळ व ठिसूळ होतात आणि शरीराच्या भाराने मणका पुढच्या बाजूस दबून पाचरीसारखा होतो. उंची घटणे व पाठीला बाक येणे ही त्याचीच लक्षणे होत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

अशा वेळी पाठ रगडणे टाळून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. हाडांची घनता 'डेक्सा' तपासणीने कळते. ताप असल्यास किंवा वजन घटत असल्यास मणक्याचा क्षय अथवा कर्करोग नाही ना, याचीही खात्री करणे आवश्यक ठरते. पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही धोक्याची चिन्हे असून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

बहुतेकांच्या वेदना ६ ते १२ आठवड्यांत ओसरतात. वेदनाशामक औषधे, थोडे दिवस विश्रांती व गरजेनुसार पाठीचा पट्टा एवढे सामान्यतः पुरते. दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहिल्यास हाडे व स्नायू अधिकच दुर्बल होतात. मणक्यात सिमेंट भरण्याची व्हर्टिब्रोप्लास्टी फ्रान्समध्ये १९८४ साली प्रथम करण्यात आली; तथापि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत लटक्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत तिचा विशेष लाभ दिसला नाही. म्हणून निवडक रुग्णांसाठीच तिचा विचार होतो.

वेदना थांबली म्हणजे उपचार संपले, असे मात्र नव्हे. एक मणका मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. यास्तव हाडे बळकट करणारे औषध वैद्यकीय सल्ल्याने नियमित घ्यावे. ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे होऊ नये. झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन वर्षातून एकदा शिरेतून देतात. आहारात दूध, नाचणी व तीळ असावेत. 'ड' जीवनसत्त्वाची उणीव भरून काढावी.

घरात पुरेसा उजेड, कोरडी न्हाणी आणि भिंतीला आधाराचा दांडा या साध्या गोष्टीही पुढील अस्थिभंग टाळण्यास साहाय्यभूत होतात.