‘फक्त अक्षरे लिहा’ : संगणकीय चौकटीतील नामतपासणी आणि देवनागरीची अक्षरकल्पना

संगणकावर आवेदनपत्र भरताना नावाच्या चौकटीशेजारी ‘फक्त अक्षरे लिहा’ अशी सूचना पुष्कळदा आढळते. तिच्यामागे एक यांत्रिक नियम असतो. अनुमत चिन्हांचा संच ठरवावयाचा आणि टंकलेल्या मजकुरातील प्रत्येक चिन्ह त्यात बसते की नाही, हे पडताळावयाचे, असे त्याचे स्वरूप. ज्या सूत्रपद्धतीने हा नियम लिहिला जातो तिला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘आकृतिबंध’ ही संज्ञा योजली आहे. स्टीफन क्लेनी या गणितज्ञाच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिची तात्त्विक मांडणी आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकुरातील शोधासाठी ती उपयोगात आणली. नियम तंत्रज्ञ लिहितो हे खरे. परंतु ‘अक्षर म्हणजे काय?’ या प्रश्नाचे एक उत्तर त्यात गृहीत असते, आणि मराठीच्या बाबतीत ते अनेकदा चुकते.

रोमन मालिकेपुरता आकृतिबंध देवनागरी नाव सरळच नाकारतो; त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. विचार करावयास हवा तो ‘कोणत्याही भाषेतील अक्षर’ मान्य करणाऱ्या, वरकरणी उदार आकृतिबंधाचा. युनिकोड या संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला वर्ग नेमून दिलेला आहे. अ, क, ह हे ‘अक्षर’ या वर्गात येतात. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे हलन्तचिन्ह मात्र ‘खूण’ या निराळ्या वर्गात. त्यामुळे ‘कमल’ मान्य आणि ‘कमला’ अमान्य, ‘अजय’ मान्य आणि ‘विजय’ अमान्य, असा विलक्षण निवाडा होतो. ‘कऱ्हाडे’ या आडनावात वाचकाला क, ऱ्हा, डे ही तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या साठ्यात क, ऱ, हलन्तचिन्ह, ह, काना, ड, मात्रा अशी सात चिन्हे असतात, आणि त्यांतील तीन ‘अक्षर’ नव्हेत! वर्ण आणि अक्षर यांतील भेद मराठीच्या अध्यापकाला नवा नाही. वृत्त तपासताना विद्यार्थी जे मोजतो ते अक्षर. संगणक मोजतो ते त्याहून लहान, आणि वर्णाशीही पुरते न जुळणारे एकक.

यावर सुचविला जाणारा सोपा उपाय म्हणजे देवनागरीचा संपूर्ण १२८ स्थानांचा मुख्य विभागच अनुमत ठरविणे. मग काना-मात्रा सुटतात. पण दंड, अवग्रह आणि अंकही नावात शिरतात, शिवाय शब्दारंभी एकटी वेलांटीही चालते. पल्ला सांगून वर्ग बांधण्याची युक्ती आपल्या परंपरेला परिचित आहे. पाणिनीचे ‘अच्’ आणि ‘हल्’ हे प्रत्याहार याच जातीचे, आणि तेथे वर्णांचा क्रमच मुळी प्रत्याहारांच्या सोयीने लावलेला आहे. युनिकोडमधील ‘क ते ह’ हा पल्लाही बऱ्यापैकी उपयुक्त आहे. त्यात ळ आणि ऱ धरून ३७ व्यंजने येतात. तेव्हा विभाग मान्य करण्याऐवजी अक्षराची घडण मान्य करावी, हे अधिक सयुक्तिक होय. प्रथम स्वर किंवा व्यंजन. व्यंजन असल्यास त्यामागून ‘हलन्तचिन्ह आणि व्यंजन’ ही जोडी हवी तितक्या वेळा. नंतर असल्यास एक स्वरचिन्ह. शेवटी असल्यास अनुस्वार वा विसर्ग. शब्दान्ती पायमोडे व्यंजनही चालावे. अशा अक्षरांची माळ म्हणजे शब्द. आद्याक्षरांसाठी पूर्णविराम आणि शब्दांमधील मोकळी जागा यांचीही सोय ठेवावी लागते, हे ओघाने आलेच.

एवढ्यानेही मराठीचे भागत नाही. अर्धा ऱ दोन मार्गांनी लिहिला जातो. ‘कऱ्हाडे’ची वर दिलेली फोड हा एक मार्ग. दुसऱ्यात साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु हे अदृश्य चिन्ह देवनागरी विभागाबाहेरचे असल्याने दुसरे रूप नाकारले जाते, आणि नाव भरणाऱ्याला आपली चूक कोठे झाली हे दिसण्याचा मार्गच उरत नाही. यापेक्षाही घातक म्हणजे मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे गुपचूप गाळणारा नियम. त्यातून ‘कर्हाडे’ असे रफारयुक्त रूप नोंदले जाते. हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या युग्मांत हा भेद अर्थभेदक आहे. तो गाळला की दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाक्याचा गुरू. एरवी मौजेची वाटणारी ही गोष्ट एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी जुळविताना मौजेची राहत नाही.

‘ॲ’ची कथा अशीच. हे स्वराक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर अ, अदृश्य सांधा आणि चंद्र अशा जुळणीने ते लिहिण्याची वाट रूढ झाली होती. स्वरावर स्वरचिन्ह नको, असा वरील घडणीचा निर्बंध असल्याने ‘ॲनी’ हे नाव जुन्या वळणाने टंकले की अमान्य ठरते. म्हणून तपासणीपूर्वी अशा पर्यायी जुळण्या एका रूपात आणणे आवश्यक असते : अ आणि चंद्र यांचा ॲ करावा, र, हलन्तचिन्ह आणि अदृश्य सांधा यांचे ऱ आणि हलन्तचिन्ह करावे, अदृश्य चिन्हे गाळावयाचीच असतील तर ती त्यानंतर.