ख्रिस्ती धर्म कोणासाठी?



नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, ख्रिस्ती धर्म इंग्रजांचा ना? मग आपल्याला सुट्टी कशाला?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. नसरापूर-वेल्हे रस्त्यावरच्या आमच्या मार्गासनीतच नव्हे, तर आपल्यातील पदवीधरांतही हाच समज आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म पारखण्यात घालवली. त्यांच्या अनुयायांनी दुसऱ्याचा धर्म ऐकीव माहितीवर निकालात काढणे शोभत नाही. म्हणून हा पाठ.

येशू कोण होता?

येशू इंग्रज नव्हता, युरोपियनही नव्हता. तो आशिया खंडातील पॅलेस्टाइनचा यहुदी. नासरेथ गावी सुताराच्या घरात वाढला. देश रोमन साम्राज्याच्या टाचेखाली होता. इ. स. ३० च्या सुमारास पिलात या रोमन सुभेदाराने त्याला क्रूसावर खिळण्याची शिक्षा दिली. त्याच्या शिष्यांत मासे धरणारे कोळी होते आणि लोक ज्याचा तिरस्कार करीत असा एक जकातदारही होता. कुष्ठरोग्याला त्याने हात लावून बरे केले, असे शुभवर्तमान सांगते.

त्याची शिकवण थोडक्यात अशी: ईश्वर सर्वांचा पिता आहे, माणसाने पश्चात्ताप करावा, ईश्वरावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करावे. ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने मानवाचे तारण झाले, ही ख्रिस्ती माणसाची मुख्य श्रद्धा होय.

विहिरीवरची कसोटी

हा संदेश कोणासाठी, याचे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानातील एका विहिरीवर मिळते. भर दुपारी येशू थकून तेथे बसला होता. एक शोमरोनी बाई पाण्याला आली. यहुदी लोक शोमरोन्यांना हीन समजत व त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत. येशूने तिच्याजवळ पाणी मागितले. तिलाच नवल वाटले की, हा यहुदी माझ्या हातचे पाणी कसे मागतो!

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. भिक्खू आनंदाने चांडाळकन्या प्रकृतीजवळ असेच पाणी मागितले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती याच प्रश्नासाठी. माझी आजी माहेरच्या विहिरीजवळ घागर ठेवून, कोणी पाणी वाढील म्हणून तास तास उभी राहत असे. माणसाला धर्मात माणूस धरले की नाही, हे पोथीआधी पाण्यावर कळते.

पंगतीवरची कसोटी

तथापि एक गोष्ट लपवू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानात एक कनानी बाई आजारी मुलीसाठी पदर पसरते, तेव्हा आपण इस्राएल घराण्यातील हरवलेल्यांसाठीच आलो आहोत, असे येशू प्रथम म्हणतो. बाई हटत नाही. अखेर तो तिचा विश्वास वाखाणतो आणि मुलगी बरी होते. म्हणजे "कोणासाठी?" हा प्रश्न त्या धर्मात आरंभापासून होता.

येशूनंतर तो चिघळला. यहुदी नसलेल्याने ख्रिस्ती व्हायचे तर आधी सुंता करून यहुदी व्हावे काय? इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली आणि तशी गरज नाही असे ठरले. हा वाद जेवणाच्या ताटापर्यंत पोचलेला होता. अंत्युखिया शहरात पेत्र हा प्रमुख शिष्य परजातीयांच्या पंगतीत जेवत असे. यरुशलेमेकडची माणसे आल्यावर मात्र तो भिऊन बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, स्त्री व पुरुष हा भेद ख्रिस्तात उरत नाही, असे याच पौलाने लिहून ठेवले. तेव्हा ख्रिस्ती धर्म स्वतःच्या ग्रंथाप्रमाणे सर्व मानवांसाठी आहे, यात शंका नाही.

मी हे सांगितल्यावर तोच मुलगा म्हणाला, "मग सर, त्यांच्यात सगळे एका पंगतीत बसतात का?" पाठ येथेच संपत नाही तो यामुळे.

महाराष्ट्रातील अनुभव

फादर स्टीफन्स यांनी ओवीछंदात लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले. पुढे त्या भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग बांधवांचा भरणा मोठा होता. "पोटासाठी धर्म सोडला" असे त्यांना हिणवण्यात आले. ज्यांनी पाणी नाकारले त्यांनीच हे म्हणावे, याला काय म्हणावे? आपल्यालाही असेच टोमणे मिळाले आहेत.

जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्तिसदन उभारून त्यांनी दुष्काळातल्या स्त्रिया-मुलींना आसरा दिला. साध्या बायांना कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी १९१७ साली स्थापलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

बाबासाहेबांनी काय म्हटले?

१९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्यावर प्रभाव पडल्याचे सांगितले. त्याच वेळी दक्षिणेत चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो, ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडत नाही, हेही त्यांनी तोंडावर ऐकवले. हा दोष जुना होता. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरकडील अनेक उच्चवर्णीय ख्रिस्ती चर्च सोडून गेले. त्यांना ख्रिस्तापेक्षा जात प्यारी ठरली! येशूने विहिरीवर जे मोडले, ते चर्चच्या दारात पुन्हा उभे राहिले.

कायद्यानेही ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला एकटे पाडले. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती अजून वंचित आहे. त्याच्याविषयी आपल्याला आस्था असली पाहिजे.

आपण काय घ्यावे?

आपला मार्ग वेगळा आहे. बौद्ध सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. हा फरक स्पष्ट ठेवावा. पण चर्चची परीक्षा घेताना तीच परीक्षा आपणही द्यावी. धम्म सर्वांसाठी आहे असे आपण म्हणतो. मग आपल्या गावच्या विहारात शेजारच्या मातंग, चर्मकार, धनगर घरातला माणूस कधी येऊन बसला आहे काय? आपण त्याला बोलावले होते काय?

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. शोमरोनी बाई आणि प्रकृती यांच्या कथांत साम्य कोणते, फरक कोणता?

२. पौलाने पेत्राला सर्वांदेखत का खडसावले? एकांतात सांगून भागले असते काय?

३. गेल्या वर्षभरात आपल्या घरच्या पंगतीला दुसऱ्या जातीचे कोण बसले? आपण कोणाच्या घरी जेवलो? वहीत नावे लिहावीत. वही कोरी राहिली, तर त्याचे कारणही लिहावे.