कार्बोरेटर उघडताना



१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. घरी जुनी गाडी असेल तर मात्र विज्ञानाचा हा धडा दारातच उभा आहे. नळी अरुंद झाली की हवा वेगाने धावते, तिचा दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते.

गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते व चिकट गाळ बारीक जेटमध्ये बसतो. मग चोक काढताच इंजिन बंद!

काम मोठ्यांसमवेत, उघड्यावरच करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड, जमिनीलगत पसरते. आधी पेट्रोलचा कॉक बंद करा. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून फेरे मोजा, वहीत लिहा. जेटमध्ये तार घालू नका. माझ्या आरएक्स १०० ला मी ती घातली होती. छिद्र मोठे झाले, प्लग काळा पडू लागला, शेवटी नवा जेट आणला. क्लीनर आणि पंपाची हवा पुरते.

जोडल्यावर कॉक उघडून पाच मिनिटे थांबा. पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई नीट बसलेली नाही. किक मारू नका, पुन्हा उघडा.

— मुख्याध्यापक