जुन्या छायाचित्रातील रस्ता कसा ओळखावा?

स्मरणिकेच्या निमित्ताने घरोघरच्या पेट्यांतून जुनी छायाचित्रे बाहेर येतात. त्यांतील माणसे ओळखू येतात, रस्ता मात्र ओळखू येत नाही. कुणी तरी "हा यावलचाच" असे म्हणतो आणि पुढे तेच छापले जाते. केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने चालत आले आहे, म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. छायाचित्र पाहतानाही आपण हीच दृष्टी ठेवली पाहिजे.

प्रथम छायाचित्र उलटे तर छापलेले नाही ना, हे फलकावरील अक्षरांवरून पाहावे. नंतर दिशा ठरवावी. यावलच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी आहे. रस्त्याच्या टोकाशी डोंगररांग दिसत असेल, तर छायाचित्रकाराचे तोंड बहुधा उत्तरेकडे असणार. सावलीही साक्ष देते. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचे आठवडे वगळता आपल्याकडे भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. त्यानंतर सहजासहजी न हलणाऱ्या खुणा शोधाव्यात: निंबाळकरांच्या किल्ल्याचा बुरूज, नदीचा उतार, जुनी विहीर, रस्त्याचे वळण. धाब्याची घरे पडून तेथे सिमेंटची घरे उभी राहतात. पण गल्लीचे वळण सहसा बदलत नाही.

काळ कळला की स्थळाचा शोध सोपा होतो. 1906 मध्ये खानदेशाचे विभाजन झाले. म्हणून फलकावर 'पूर्व खानदेश' असेल, तर तो फलक त्यापूर्वीचा नाही. किंमत आण्यांत लिहिलेली असेल, तर छायाचित्र बहुधा 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येण्याच्या आधीचे किंवा त्याच सुमाराचे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते 15 ऑगस्ट 1972 नंतरचे. मात्र जुना फलक पुढे अनेक वर्षे टांगलेला राहू शकतो. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये.

छायाचित्रामागील ओळही तपासावी. डिसेंबर 1936 मध्ये आजच्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यासाठी नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबूंची तात्पुरती नगरी उभी राहिली. मागे 'फैजपूर, 1936' असे लिहिलेले चित्र या नगरीतील वाटेचे असेल, तर ती वाट गावातील गल्ल्यांत शोधून सापडणार नाही.

यानंतर ज्येष्ठांकडे जावे. "ही अमुक गल्लीच ना?" असे विचारू नये, "हे ठिकाण कोणते?" एवढेच विचारावे. दोघांना वेगवेगळे भेटावे. दोघांनी स्वतंत्रपणे एकच ठिकाण सांगितले, तर त्या साक्षीचे मोल वाढते. शेवटी छायाचित्र हाती घेऊन त्या जागी उभे राहावे. 'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', हे धम्माचे लक्षण येथेही मार्गदर्शक ठरते.

आपल्या समाजासाठी हा केवळ छंद नाही. पेठेतील रस्त्यांची छायाचित्रे काढली गेली, जपली गेली; आपल्या वस्त्या बहुतेक वेळा त्या चित्रांच्या कडेलाच राहिल्या. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक वस्त्यांची जुनी जातिवाचक नावे मागे पडली आणि तेथे बौद्धवाडा, भीमनगर अशी नावे आली. जुन्या चित्रामागील नाव खोडू नये, कारण तोही पुरावा आहे. त्याशेजारी आजचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. ते नाव पाहिलेली पिढी आता थकली आहे, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

ओळख पटल्यावर 'निश्चित', 'संभाव्य' किंवा 'अज्ञात' अशी नोंद करावी. 'अज्ञात' लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीचे नाव पुढील शोधाची वाट बंद करते. आपल्या घरी असे एखादे छायाचित्र असेल, तर या सुटीत मुलांना सोबत घेऊन ते आजी-आजोबांसमोर ठेवावे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत, ही आमची नम्र विनंती.