अकरा महिन्यांचा करार आणि गाळ्याचा ताबा

नांदेड-लातूरकडे गाळा किंवा खोली भाड्याने देताना मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार लिहून तो नोटरी करून घेण्याची चाल आहे. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही, ही त्यामागची समजूत. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात सापडते. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला तो नोंदणीची सक्ती करत नाही. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून या समजुतीला आधार उरलेला नाही. त्या दिवशी अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका पुढे बसतो: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते.

त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा चालत होता. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, पण कायदा जुनाच राहिला. त्यात मालकाचा अर्ज महसुली अधिकाऱ्यापुढे, म्हणजे भाडे नियंत्रकापुढे जाई. आता दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात, अपील जिल्हा न्यायालयात आणि त्यापुढचा रस्ता औरंगाबाद खंडपीठाचा. तरी जुनी मंडळी अजून कलेक्टर कचेरीचाच सल्ला देतात.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा नांदेडमधील एक गाळा असाच नोटरीच्या कागदावर दिला गेला. मुदत संपली, नवा कागद झाला नाही. भाडे रोख येत राहिले, पावती कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. गाळा घरच्याच धंद्यासाठी लागला, तेव्हा दुकानदाराचे म्हणणे आले की तो लायसन्सवरचा परवानाधारक नसून भाडेकरू आहे आणि भाडेही कागदातल्या आकड्याहून कमी ठरले होते. ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर आले, आणि दाखवायला एकही पावती नव्हती. भाड्याची लेखी पावती देणे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे बंधनकारक आहे. ती भाडेकरूच्या जितकी उपयोगाची, तितकीच मालकाच्याही.

खोली आणि गाळा यांतला फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली, की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो. मुदतीनंतर राहणाऱ्याला लायसन्स शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. दुकानाला हा जवळचा मार्ग नाही. तिथे दिवाणी दावाच, आणि समोरचा भाडेकरू ठरला तर कलम १६ मधले कारण सिद्ध करावे लागते: स्वतःची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, सहा महिने विनाकारण बंद ठेवलेली जागा, अशी. थकबाकीसाठीही आधी लेखी नोटीस आणि मग ९० दिवसांची वाट. दाव्याचे समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत भाडेकरूने १५ टक्के व्याज आणि खर्चासह रक्कम कोर्टात भरली आणि पुढचे भाडे नियमित दिले, तर बेदखलीचा हुकूम होत नाही.

तारखांना कंटाळून काही मालक गाळ्याला आपले कुलूप लावतात किंवा लाईट तोडतात. यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. कुलूप लावले, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांत दावा करून भाडेकरू ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे विचारले जात नाही. वीज-पाणी पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ची मनाई आहे. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे टँकरचा खर्च कोणाचा, ही अट करारातच असलेली बरी. लातूरच्या ट्युशन एरियात मुलांना खोल्या देणाऱ्यांनी करारावर पालकाचीही सही घ्यावी, कारण अठरा वर्षांखालील मुलाशी केलेला करार कायद्याला मान्य नाही.

नोंदणीचा खर्च ऐकला की पूर्वीची काटकसर अनाकलनीय वाटते. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेली रक्कम, या बेरजेच्या ०.२५ टक्के. दहा हजार भाडे, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने धरले, तर ते तीनशेच्या आसपास जाते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. हा करार ऑनलाईनही नोंदवता येतो.

दुकानदाराच्या बाजूला एक नवी बाब आली आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि दुकानदार नोंदलेला असेल, तर गाळ्याच्या भाड्यावरचा १८ टक्के कर दुकानदाराने स्वतः सरकारकडे भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्यांना नंतर यातून सूट मिळाली. ठरलेल्या भाड्यात हा कर धरला आहे की नाही, हे करारात लिहिले नसेल, तर पहिल्याच रिटर्नच्या वेळी वाद निघतो.