कुरळ्या केसांवर कोणी इलाज सुचवला तर

कुरळ्या केसांचं रोज काय करायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सकाळची शाळा, साडेसहाला स्कूटर बाहेर काढायची, त्याआधी दोन डबे. एवढ्या घाईतही माझा अंबाडा व्हायचा आणि दुपारी शाळा सुटेपर्यंत जागचा हलायचा नाही. माझे केस कटकटीचे आहेत हे मला पहिल्यांदा ऐकवलं ते एका पार्लरवालीनं, जिला ते सरळ करायचे साडेसहा हजार रुपये मिळणार होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, "पण तुला एवढं काय नडलं होतं?"

काही नडलं नव्हतं. दिराचं लग्न होतं, हळदीला नऊवारीवर खोपा घालायचा होता, म्हणून मी आमच्याच भागातल्या पार्लरमध्ये चौकशीला गेले. ती म्हणाली, "असल्या केसांत पिना टिकत नाहीत ताई. फोटोत डोकं नुसतं फुगलेलं दिसेल. स्मूदनिंग करून घ्या, मग बघा खोपा कसा बसतो." यात घालता काय, असं मी विचारलं. "केराटिन. म्हणजे प्रोटीनच हो, एकदम नॅचरल." बाटली दाखवा म्हटलं, तर "आम्ही मोठ्या डब्यातून काढून ठेवतो." माझे कुरळे केस परत येतील ना? "दोन-तीन महिन्यांत आपोआप धुऊन जातं सगळं." पहिलं आणि शेवटचं उत्तर खोटं होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

ठाऊक होतं हे मी कशावरून म्हणते, तेही सांगते. क्रीम लावून झालं, वेळ झाला, केस वाळवले आणि हाताखालच्या मुलीनं गरम पट्टी फिरवायला सुरुवात केली. पहिल्याच बटेतून पांढरा धूर निघाला आणि माझे डोळे झोंबायला लागले. घशात खवखव. मी आरशात बघितलं तर त्या मुलीनं मास्क चढवला होता, वरून ओढणी नाकाला घट्ट बांधली होती आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालकीण मात्र कुठंच नव्हती. ती काचेच्या दारापलीकडे फूटपाथवर उभी होती, मोबाइल हातात, आणि मधूनमधून आत डोकावून काम कुठवर आलंय ते बघत होती. खिडकी उघडा म्हटलं तर मुलगी हळूच म्हणाली, "ताई रागावतात, एसी जातो." तेव्हा माझ्या लक्षात आलं. नुसतं प्रोटीन होतं, तर त्याच्या धुरापासून ती बाहेर का पळाली होती? पण अर्ध्या डोक्यावर पट्टी फिरलेली, अर्धं क्रीमनं माखलेलं. अशा वेळी उठून जाणार कुठं? या धंद्यातल्यांना हे बरोबर माहीत असतं.

बाटली मला शेवटपर्यंत दिसली नाही, त्यामुळे माझ्या डोक्यावर नेमकं काय चोळलं गेलं ते मी आजही सांगू शकत नाही. पण पार्लरमध्ये या नावाखाली काय काय चालतं ते आता मला पुरतं कळलं आहे. रिबाँडिंगच्या, म्हणजे केस कायमचे सरळ करण्याच्या, क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. केसाच्या आत गंधकाचे जे बंध त्याचा आकार धरून ठेवतात ते हे क्रीम तोडतं, आणि नंतरचं न्यूट्रलायझर ते सरळ आकारात पुन्हा जोडतं. हे धुऊन जात नाही, तेवढा केस कापूनच जातो. 'केराटिन' म्हणून जे विकतात त्यातल्या कित्येकांत फॉर्माल्डिहाइड असतं, नाहीतर तापवल्यावर ते बाहेर सोडणारं रसायन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. 'फॉर्माल्डिहाइड फ्री' असं लिहिलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका. त्याच्या जागी ग्लायोक्सिलिक अॅसिड आलं आहे. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापून आली. ट्युनिशियातल्या एका सलोनमध्ये तिनं २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये केस सरळ करून घेतले आणि प्रत्येक वेळी तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये हेच अॅसिड होतं.

आणि ज्या खोप्यासाठी हे सगळं झालं त्याचं काय? हळद लागायच्या आधीच तो मानेवर आला. गुळगुळीत झालेल्या केसांतून पिना एकामागून एक निसटत होत्या. जाऊबाई जमिनीवरून उचलून परत खोचत होत्या. कुरळा केस पिनेला धरून ठेवतो, वळणात अडकवून ठेवतो. सरळ केसाला ती पकड नसते. केस बांधणारी कुठलीही बाई हे जाणते. पिना टिकत नाहीत ही पार्लरवालीची सबब धडधडीत उलटी होती.

पुढं डोक्यावरून न्हायले की ओला केस रबरासारखा ताणायचा आणि तुटायचा. मूठभर केस घेऊन मी तिच्याकडे गेले. "तुमचे केस मुळातच कमजोर होते. शाम्पू कुठला वापरलात?" वर हेअर स्पाचं पॅकेज पुढं केलं. पैसे परत करण्याचं नाव नाही. बिल मागितलं तेव्हा वहीचा कागद फाडून त्यावर नुसता आकडा लिहून दिला. माझी मुलगी बरोबर होती, केस माझ्यासारखेच. त्या बाईनं तिची एक बट दोन बोटांत धरून ओढून सरळ केली आणि म्हणाली, "हिचेही करून टाकू, दहावीच्या आत. सकाळचा वेळ वाचेल." माझ्या हातात माझेच तुटलेले केस होते आणि ही माझ्या मुलीला गिऱ्हाईक करायला निघाली होती. ते मी विसरणार नाही.

आता कामाचं. माझ्यासारखं मुळाशी कुरळं आणि खाली सरळ असं डोकं ज्यांच्या वाट्याला आलंय, त्यांनी सगळे केस एकदम कापायची घाई करू नये. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दर दोन-तीन महिन्यांनी खालचे सरळ शेंडे छाटत राहा. मधल्या काळात केस मोकळे सोडले की दोन्ही जाती उठून दिसतात, म्हणून बांधूनच ठेवा. सगळ्यात सोपं असं: रात्री केस जरासे दमट करून दोन सैल वेण्या घालायच्या, शेंड्यापर्यंत. सकाळी सोडल्यावर सरळ भागालाही लाटा आलेल्या असतात आणि वरच्या कुरळ्यांशी तो मिसळून जातो. पावसाळ्यात या लाटा दुपारपर्यंतच टिकतात. तेव्हा मानेपाशी अंबाडा घालून सरळ शेंडे आत दुमडून टाकावेत. जिथं कुरळा आणि सरळ भाग जोडला जातो तिथंच केस सर्वांत जास्त तुटतो, तिथं रबर कधीही घट्ट बांधू नका.

ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांचं काम तर फारच सोपं आहे. फक्त कोरड्या केसात फणी घालायची नाही. कुरळ्या केसाच्या वळणांवरून डोक्यातलं तेल शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेंडे कोरडे राहतात, आणि कोरडे विंचरले की केस फुगतो. याच फुगण्याला पार्लरमध्ये आजार ठरवतात. गुंता काढायचा तो न्हातानाच, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत, रुंद दातांच्या फणीनं, शेंड्याकडून वर. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. घरातला जुना मऊ पंचा घ्या आणि केस मुठीत धरून वरच्या बाजूला दाबत पाणी टिपा.

यावर जवसाचं जेल लावलं तर दोन दिवस केस जागेवर राहतात. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मध्यम आच, ढवळत राहायचं. चमचा उचलला की धार तुटायची थांबून तार धरते, त्याच क्षणी गॅस बंद. मलमलच्या कापडातून गरम असतानाच गाळायचं. निवल्यावर ते कापडातून हलत नाही आणि मग कापड पिळताना हात भाजण्याऐवजी डोकं फिरतं. बरणी फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात संपवा. ओल्या केसांना लावून वाळू द्यायचं, वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर कडक झालेल्या बटा मुठीत हलकेच चुरल्या की मऊ होतात.

रोजचा अंबाडा असा: केस बोटांनीच मानेपाशी गोळा करा आणि एकाच दिशेनं पीळ देत जा. पीळ पुरला की तो आपण होऊन वळायला लागतो, तो जिकडे वळेल तिकडे गुंडाळा. रबर लागत नाही. यू पिन घेऊन टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस तिच्यात पकडा, मग तिथल्या तिथं पिन उलटी फिरवून टोकं डोक्यालगत आत सरकवा. अशा चार पिना चार बाजूंना, बस. नुसत्या खुपसलेल्या दहा पिनांपेक्षा या चार जास्त धरतात. काळ्या पिना वापरत असाल तर नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा. बहुतेक जणी उलटी लावतात आणि मग पिन सुटते म्हणून केसांना दोष देतात.

न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी, केस छान बसलेले असतील तेव्हा, कानापासून वरचे केस बोटांनी मागं घेऊन एक पीळ द्या आणि छोटा क्लचर लावा. भांग वाकडा पडला तर पडू द्या, कुरळ्यात दिसत नाही. कपाळावरच्या आखूड बटा बाहेर येत असतील तर दोन्ही बाजूंच्या बटा कपाळालगत पिळत मागं न्या, वाटेत येणारे केस त्यातच घेत चला, आणि मागं दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावा. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्यांना हेल्मेटखाली उंच काही घालता येत नाही. त्यांनी मानेशी एकच सैल वेणी घालावी आणि सुती स्कार्फच्या आत जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधावा. सुती कापड केसांतला ओलावा शोषून घेतं आणि घासतं. कामावर पोचलं की वेणी सोडायची, बोटं मुळाशी घालून केस सैल करायचे, क्लचर लावायचा. रात्री केस डोक्याच्या अगदी वर सैल गोळा करून कापडी रबरात अडकवा आणि उशीला साटीनची खोळ घाला, सकाळी निम्मं काम झालेलं असतं.

रोज त्याच जागी ताणून पोनी बांधू नका. त्यानं कपाळावरची केसांची रेषा मागं सरकते आणि फार वर्षं चाललं तर ते केस परत येत नाहीत. खाण्यात डाळी, अंडी, पालेभाज्या असाव्यात. खोबरेल न्हाण्याआधी जरूर लावा: मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की केसातली प्रथिनं निघून जाणं खोबरेलानं कमी होतं, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलानं नाही. कंपनी खोबरेल विकणारीच आहे, पण माझ्या आईच्या डोक्याकडे बघून मला ते पटतं. मात्र न्हाल्यावर थापू नका, वळणं बसतात.

एवढ्यावरही कुणाला केस सरळ करायचेच असतील तर खुर्चीत बसायच्या आधी बंद बाटली मागा आणि लेबलाचा फोटो काढा. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मलिन, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायोक्सिलिक अॅसिड यांतलं काही दिसलं तर निघा. मागच्या बाजूच्या एकाच बटेवर करून बघायला सांगा आणि दोनदा न्हाऊन झाल्यावर ठरवा. हे करायला जी तयार नसेल तिच्या हातात डोकं देऊ नका. छापील बिल आधी ठरवून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण हातात कागद असला तर तक्रारीला जोर येतो. वहीच्या पानावर काय तक्रार करणार?

मुलींच्या आयांना एक सांगायचंय. बऱ्याच शाळांत दोन वेण्या सक्तीच्या असतात, आणि सकाळी कोरडे केस ओढून विंचरल्यामुळेच मुलींना वाटायला लागतं की आपले केस वाईट आहेत. वेण्यांचा भांग आदल्या रात्रीच पाडा. पाण्यात थोडं कंडिशनर घालून ते बाटलीनं केसांवर फवारा, बोटांनी गुंता सोडवा, दोन सैल वेण्या घालून झोपवा. सकाळी वेण्या न सोडता वरचे उडणारे केस ओल्या हातानं बसवायचे आणि रिबिनी बांधायच्या. माझी मुलगी हे आता स्वतः करते, आणि तिच्या वर्गातल्या दोघी-तिघी कुरळ्या केसांच्या मुली तिच्याकडून शिकून गेल्या आहेत.